विज्ञान भट्टीपाशी यावे

तांब्याच्या तारेतून वळवलेली डीएनएची शिडी, अणूच्या आकृतीचे पदक, नक्षत्रांच्या ठिपक्यांनी मठारलेले ताट. विज्ञानातून सुचलेल्या अशा हस्तकलेच्या वस्तू देखण्या असतात, आणि हाताच्या कामाला गिऱ्हाईक मिळते आहे याचा आनंदच आहे. शेजारी तांब्याची बाटली असते. तिच्या चिठ्ठीवर ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असे छापलेले. या दोन्ही ठिकाणी विज्ञान गिऱ्हाइकासाठी आहे. घडवणाऱ्यासाठी विज्ञानाने काय केले, हा प्रश्न वर्ध्याने तरी विचारलाच पाहिजे, कारण या गावाने तो नव्वद वर्षांपूर्वी विचारला होता.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेला मगनवाडी नाव पडले आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथे कामाला लागले. संघाच्या सल्लागारांत जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि सी. व्ही. रामन होते. रामन यांचे नाव मला इथे फार अर्थपूर्ण वाटते. १९२० मध्येच त्यांनी मृदंग-तबल्याच्या नादावर संशोधन प्रसिद्ध केले होते. एरवी ढोलासारख्या वाद्याच्या कातड्यातून निघणारे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. मृदंग-तबल्याच्या पुडीवर शाईचा थर योग्य जागी, योग्य जाडीने बसला की ते जुळतात. कारागिरांनी कानाने साधलेली गोष्ट नोबेल मिळवणारा शास्त्रज्ञ गणिताने समजून घेत होता. कारागिराकडे ज्ञान असते आणि ते तपासण्याजोगे असते, हे यात गृहीत आहे.

तांबटाचेच काम पाहा. पत्रा ठोकत गेले की तांबे आडमुठे होते. तसेच रेटले तर काठाला चीर जाते. म्हणून तो पत्रा भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो आणि पाण्यात बुडवतो. पोलाद असे बुडवले तर कडक होईल, तांबे मात्र मऊ राहते. धातुशास्त्र याचे कारण सांगते: घावांमुळे स्फटिकांच्या रचनेतले दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि धातूचे थर सरकेनासे होतात, उष्णतेने नवे, मोकळे स्फटिक तयार होतात. तापवायची वेळ झाली हे तांबट घावाच्या आवाजावरून ओळखतो. शेवटी मठारताना जे चकचकीत ठसे उमटतात ते आपल्याला नक्षी वाटतात. खरे तर त्या घावांनीच पातळ भांड्याला ताठपणा येतो. म्हणून त्यानंतर भांडे पुन्हा लाल करायचे नसते. पुण्याच्या तांबट आळीपासून पितळेसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यापर्यंत, धातू ठोकणाऱ्यांच्या पिढ्यांनी जपलेले हे शास्त्र आहे. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून निघालेल्या नयी तालीम या शिक्षणपद्धतीची मूलोद्योगाची कल्पना अशाच ज्ञानावर उभी होती: हातातल्या कामातूनच मुलाला विज्ञान कळावे.

पण समजून घेणे पुरेसे नव्हते. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी आजही शिकण्यासारख्या आहेत. यंत्र दीडशे रुपयांच्या आत बसावे, घरात चालावे, आणि बाईला फार न थकता ते आठ तास चालवता यावे. सुताचे माप होतेच. त्याबरोबर चालवणारीचा थकवाही त्याच यादीत होता. विज्ञानाकडे मागणी करावी ती अशी.

तांब्याच्या बाबतीत अशी मागणी कोणी केली? पाण्याबद्दलचा अभ्यास झाला, आणि तो चांगला आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या संशोधनात तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातले कॉलरा, हगवण, विषमज्वर यांचे जंतू मेले, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या कितीतरी खाली राहिले. दूषित पाणी पिणाऱ्या घराला याचे मोल आहे. त्यावरून वजन घटते, सांधे बरे होतात, असा दावा मात्र करता येत नाही. आणि त्याच भांड्यात लिंबूसरबत भरू नये, हे चिठ्ठीवर क्वचितच असते. ताक कळकते हे आजीला ठाऊक होते, म्हणून तर भांड्याला आतून कथलाची कल्हई आली. कारागिराच्या मालावर खोटा दावा चिकटला की त्याची बदनामी पुढे कारागिरालाच भोगावी लागते.

भट्टीपाशी मात्र फारसे कोणी फिरकलेले नाही. दिवसभराच्या ठोक्यांनी कान जातात, वाकून पाठ जाते. कल्हई करताना कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. धातू स्वच्छ करण्यासाठी टाकलेल्या नवसागराचा पांढरा धूर उठतो, आणि तो सरळ कल्हईवाल्याच्या तोंडावर येतो. कोळशाचा धूर त्यात वेगळा. हे प्रश्न फार मोठ्या प्रयोगशाळेचे नाहीत, म्हणूनच ते मागे पडतात.

वर्ध्यात त्यांना हात घालायला जागा आहेत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी खुले केलेले मगन संग्रहालय आहे, देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये सुरू केलेले ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, ग्रामीण हस्तकला व अभियांत्रिकीचा वेगळा विभाग असलेली महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. सुरुवात कल्हईच्या भट्टीपासून करावी, आणि १९२९ सारख्या अटी घालाव्यात: धूर तोंडावर न येता वर ओढला जावा, कोळसा कमी लागावा, भट्टी सायकलवर बांधून नेता यावी, गावातल्या लोहाराला दुरुस्त करता यावी, आणि तिची किंमत कल्हईवाल्याला परवडावी. मगनवाडीत बायकांच्या डोळ्यांतला धूर काढायला मगन चूल तयार झाली होती. कल्हईवाल्याचा धूर त्याच यादीत पुढचा आहे.