सांडलेलं रक्त

मोठं ऑपरेशन ठरलं की नातेवाईक ब्लड बँकेची चिठ्ठी घेऊन धावतात. बदली रक्तदाता शोधायचा, फोनाफोनी करायची. आणि आत, टेबलाशेजारी, सक्शनच्या बाटलीत रोग्याचंच रक्त साठत असतं. ओतून द्यायला.

ते ओतवेना असा एक सर्जन 1885 साली एडिंबरोत होता, जॉन डंकन. रेल्वे अपघातात चिरडलेल्या माणसाचा पाय कापताना त्याने वाहणारं रक्त भांड्यात धरलं, गोठू नये म्हणून सोडियम फॉस्फेटचं पाणी घातलं आणि मांडीच्या शिरेतून परत सोडलं. माणूस जगला. तेव्हा रक्तगट कुणाला ठाऊकच नव्हते. लँडस्टायनरला ते उलगडायला अजून पंधरा वर्षं होती. दुसऱ्याचं रक्त म्हणजे निव्वळ जुगार. स्वतःच्या रक्ताला जुळण्याची अट नव्हती.

गर्भनलिकेतला गर्भ फुटला की बाईच्या पोटात लिटर-दीड लिटर रक्त साचतं. ब्लड बँक हाताशी नसली तर डॉक्टर ते निर्जंतुक वाटीने उपसतात, गॉजच्या घड्यांतून गाळतात, सायट्रेटच्या बाटलीत भरतात आणि तिलाच लावतात. एवढ्या साध्या सामानावर बायका वाचल्या आहेत.

मोठ्या रुग्णालयांत हृदयाच्या, मणक्याच्या ऑपरेशनला 'सेल सेव्हर' असतो. रक्त ओढतानाच त्यात हेपॅरिन मिसळतं. मग डेअरीत साय वेगळी करतात तसं ते गरगर फिरवायचं; जड तांबड्या पेशी कडेला बसतात, त्या सलाइनने धुवायच्या आणि परत द्यायच्या. या धुण्यात प्लाझ्मा जातो, प्लेटलेट जातात, रक्त गोठवणारे घटकही जातात. फार रक्त गेलं असेल तर ते दुसऱ्या कुणाकडूनच घ्यावे लागतात. पुरता स्वावलंबी रोगी काही होत नाही. आतडं फुटून पोटात घाण झाली असेल, तर डॉक्टर सहसा या वाटेला जात नाहीत.

1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जगाला सांगितलेला 'बॉम्बे' रक्तगट आठवा. या माणसांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. त्यांच्याच गटाचा दाता हवा, आणि तो कधी दुसऱ्या राज्यातून बोलवावा लागतो. अशांच्या ऑपरेशनला तरी ती बाटली ओतायची घाई नको.