नासाडी कोणाची?

झाडावरून तोडलेल्या टोमॅटोचे श्वसन थांबत नाही. उन्हात ते अधिकच वाढते आणि फळ लवकर नासते. उंच रचलेल्या ढिगात तळची फळे भाराने फुटतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत टोमॅटोची हानी १२.४४ टक्के आढळली. सकाळच्या गारव्यात तोडणी, सावली, प्रतवारी आणि क्रेट, एवढ्या साध्या उपायांनीही ती घटते. मग ते सर्वत्र का होत नाहीत?

आम्हांस वाटते, हा प्रश्न तंत्राइतकाच न्यायाचाही आहे. माल आपटतो एक, तोटा सोसतो दुसरा. वाटेतल्या घाईची किंमत शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होते. आमच्या अंगठ्याने दबलेल्या फळाची भाजीवालीच्या गल्ल्यातून. ज्याला तोटा सोसावा लागत नाही, त्याचा हात जपून पडत नाही.

अन्न टाकणे म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरणे, अशा आशयाचे उद्गार पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी काढले होते. त्यावर आम्ही वेदीवरून बोललो आहोत. आणि मिस्सानंतर बाजारात टोमॅटो दाबून पाहून परतही ठेवले आहेत. वाचकहो, ती नासाडी आमचीही होती, हे आम्ही मान्य केले पाहिजे.