विचारलं होतं कुणाला?

मी कोकणातल्या एका उर्दू शाळेत शिकवते. आमच्या गावात कितीतरी घरांतला कर्ता माणूस कुवेत, कतार नाहीतर सौदीत असतो. घर आणि तो यांच्यामधला पूल म्हणजे मोबाईल. ईदची सलाम-दुआ, बाळाचं पहिलं पाऊल, परीक्षेचा निकाल, सारं त्या पुलावरून जातं. म्हणून मोबाईलला नावं ठेवायला मी हा लेख लिहीत नाही. माझ्या हातून घडलेली एक चूक सांगायची आहे, आणि तिच्यामुळे मनात उभा राहिलेला एक प्रश्न.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली आठवीची एक मुलगी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली. उर्दू माध्यमाची मुलगी मराठीत बोलली आणि पहिली आली, याचा मला कोण अभिमान! प्रमाणपत्र तिच्या हातात देऊन मी फोटो काढला, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि स्वतःच्या स्टेटसलाही ठेवला. प्रमाणपत्रावर तिचं पूर्ण नाव, इयत्ता, शाळा, गाव, सगळं ठळक अक्षरांत होतं.

आठ-दहा दिवसांत त्याच फोटोचं, त्याच नावाचं एक खोटं खातं उघडलं गेलं. त्यावरून गावातल्या मुलांना, मुलींना घाणेरडे निरोप जाऊ लागले. कुणीतरी ते कुवेतला तिच्या अब्बांपर्यंत पोचवलं. तिकडून फोन आला, “मोबाईल काढून घ्या. शाळा पुरे झाली.”

तिची अम्मी शाळेत आली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, “टीचर, फोटो कुणी काढला ते मी विचारत नाही. काढताना विचारलं होतं कुणाला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्या घरी गेले, अब्बांशी फोनवर बोलले, माफी मागितली. पोलिसांत तक्रार झाली, खातं बंद झालं. तीन आठवड्यांनी मुलगी वर्गात परत आली. पण पुढच्या वर्षी स्पर्धेसाठी नावं घेताना ती खाली मान घालून बसली. ती मान आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा माझ्या फोनमध्ये चारशेच्या वर नंबर होते. गॅसवाला, रिक्षावाला, नळ दुरुस्त करणारा, कधीतरी एकदाच भेटलेले लोक. स्टेटस चोवीस तासांनी जातं, एवढंच मी धरून चालले होते. पण त्या चोवीस तासांत त्याचा स्क्रीनशॉट घ्यायला एक क्षण पुरतो.

हजरत उमर (रजि.) यांची एक हकिगत नीतीच्या जुन्या ग्रंथांतून सांगितली जाते. रात्री मदिनेत गस्त घालताना त्यांना एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत गेले आणि त्या माणसाला दारू पिताना पकडलं. तो म्हणाला, माझा गुन्हा एक, तुमचे तीन. हेरगिरी करू नका असा हुकूम आहे, तुम्ही केलीत. दारातून या असा हुकूम आहे, तुम्ही भिंतीवरून आलात. इजाजत घेऊन, सलाम करून आत या असा हुकूम आहे, तुम्ही दोन्ही केलं नाहीत. खलिफा निरुत्तर झाले आणि त्याला सोडून परतले.

ज्या माणसाची बाजू मुळीच स्वच्छ नव्हती, त्याच्याही घराची भिंत इथे मानली गेली. माझ्या विद्यार्थिनीने तर काहीच वाईट केलं नव्हतं. तरी तिच्या भिंतीवरून साऱ्या जगाला डोकावता यावं म्हणून शिडी मी लावली, आणि वर तिला कौतुक म्हटलं.

“आपण काही चोरी करत नाही, मग लपवायचं कशाला?” असं आमच्या शिक्षक-खोलीतही बोललं जातं. नमाजच्या वेळा आणि किबल्याची दिशा पाहणं यात तरी चोरी कुठली? पण नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ने बातमी दिली, की ‘मुस्लिम प्रो’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅपमधून वापरणाऱ्यांच्या ठावठिकाण्याची माहिती ‘एक्स-मोड’ या व्यापारी कंपनीकडे जात होती, आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. आपण लष्कराला थेट काही विकलं नाही असं अ‍ॅपवाल्यांनी सांगितलं आणि त्या कंपनीशी संबंध तोडले. पण नमाजी माणसाला कुणी विचारलं होतं का?

गीबत म्हणजे काय, हे मदरशातल्या पोराला पाठ असतं. भावाच्या पाठीमागे त्याला न आवडणारी गोष्ट बोलणं म्हणजे गीबत, मग ती गोष्ट खरी का असेना. खोटी असेल तर तो त्याहून मोठा गुन्हा, बोहतान. याचा अर्थ, एखादी गोष्ट खरी आहे एवढ्यावर ती पसरवण्याचा हक्क मिळत नाही. फोटो खरा होता, यश खरं होतं, पण ते जगाला दाखवायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क तिचा आणि तिच्या घरच्यांचा होता.

आपल्या दोन खांद्यांवरचे फरिश्ते प्रत्येक कृती लिहून ठेवतात, अशी आपली श्रद्धा आहे. आज कंपन्यांचे संगणकही लिहून ठेवतात. पण फरक मोठा आहे. अल्लाह ‘सत्तार’ आहे, दोष झाकणारा. तौबा केली तर तो पुसतो. संगणकाकडे तौबा नाही. चौदाव्या वर्षीचा फोटो चोविसाव्या वर्षी समोर येतो. म्हणून झाकण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

इथे एक धोका आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त सलतो. असं काही घडलं की पहिला घाव मुलीवर पडतो. फोन तिचा जातो, शाळा तिची सुटते. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ ला ‘बुल्ली बाई’ या नावाने मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’ला लावले गेले. त्यांत पत्रकार होत्या, शिकलेल्या, बोलणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांनी गप्प बसावं हाच तर त्यामागचा हेतू होता. त्या गप्प बसल्या नाहीत. तक्रारी केल्या, आणि मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने जानेवारी २०२२ मध्ये अटका केल्या. आपण घरातल्या मुलीला गप्प करतो तेव्हा त्या लिलाववाल्यांचंच काम पुरं करतो. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. हा क्रम आपण का विसरतो?

कायदाही आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. पण घरगुती, वैयक्तिक वापराला हा कायदा लागत नाही. कायदा उंबऱ्यापाशी थांबतो. पुढे ज्याच्या त्याच्या इमानाचं काम.

म्हणून मी आता काही नियम पाळते. मुलीला आणि तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय फोटो नाही. फोटोत नाव आणि गाव एकत्र नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आलेलं आधार कार्ड ग्रुपवर नाही, आणि जिथे चालतं तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार. स्टेटस निवडक लोकांपुरतं. व्हॉट्सअ‍ॅपला दुहेरी पडताळणी. पैशांची फसवणूक झाली तर त्याच घटकेला १९३० वर फोन. हे सारं मी वर्गातही शिकवते, मुलींच्या बरोबरीने मुलांना, आणि मुलांना जरा जास्तच.

गेल्या महिन्यात विज्ञान प्रदर्शनात मुलांनी सुरेख प्रतिकृती केली. फोटो घ्यायला मी मोबाईल बाहेर काढला आणि विचारलं, “काढू का?” एक मुलगी म्हणाली, “नको टीचर.”

मी मोबाईल पर्समध्ये ठेवला. ती हसली आणि प्रतिकृती समजावून सांगू लागली.