भद्द

गळकी वस्तू विकताना ती गळते हे गिऱ्हाइकाला सांगावं की नाही? हा प्रश्न पुण्यात काढला तर लोक विचारणाऱ्याकडे कीव करून पाहतील. वरच्या मजल्यावरचे फ्लॅट उन्हाळ्यात विकायला निघतात ते काय उगाच? पण मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला, भाच्याच्या शिडाच्या बोटीवर मांडी घालून बसल्यावर हाच प्रश्न मला उन्हाळाभर पुरला.

बोट 1978 सालची, फायबरग्लासची. तिचा डेक म्हणजे सँडविच. वर-खाली फायबरग्लासची पातळ कातडी, मध्ये बाल्सा. हे लाकूड मुख्यतः इक्वेडोरचं, आणि इतकं हलकं की त्याची खेळण्यातली विमानं करतात. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र त्याला ‘कठीण लाकडां’त मोजतात. शास्त्राचं आणि नखाचं एकमत होईलच असं नाही.

कोरडा आहे तोवर हा डेक दणकट. पण त्यावर कठड्याचे खांब, दोर बांधायच्या खुंट्या असं काही ना काही स्क्रूनं पिळून बसवलेलं असतं, आणि त्या भोकांभोवतीचा लेप कधीतरी तडकतो. पाणी आत शिरतं. बाहेर यायला त्याला वाट नसते. कोकणातल्या जुन्या लाकडी होडीचं बरं होतं. फळ्यांच्या सांध्यांत कापूस कोंबलेला; गळायची ती चारचौघांत, आणि नाखवा शिव्या देत पाणी उपसायचा. ही आतल्या आत कुजते आणि वरून चकचकीत दिसते. (अशी दोन-तीन घराणी माझ्या माहितीत आहेत.)

कुजलं कुठं ते हातोडीच्या दांड्यानं शोधायचं. ‘टक्’ म्हणजे ठणठणीत, ‘भद्द’ म्हणजे गेलं. भाचा ठोकत होता, मी खडूनं खुणा करत होतो. संध्याकाळपर्यंत पुढच्या डेकवर पूरग्रस्त भागाचा नकाशाच तयार झाला.

“मामा,” भाचा हळूच म्हणाला, “वरून रंग दिला तर कुणाच्या बापाला कळणार नाही.”

यावरचं भांडण दोन हजार वर्षांपूर्वीच होऊन गेलेलं आहे. ख्रिस्तपूर्व 44 मध्ये सिसेरोनं मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात घर विकणारा एक गृहस्थ आहे. लाकडं कुचकामी, खोलीखोलीत साप, आणि हे ठाऊक त्या एकट्याला. बॅबिलोनच्या डायोजिनीसचं मत असं, की सांगायची सक्ती नाही. गप्प बसणं म्हणजे लपवणं नव्हे. मालकानं स्वतःच्याच घराच्या बदनामीची दवंडी पिटायची, हा कुठला न्याय? अँटिपेटरच्या मते सांगायलाच हवं. सिसेरो या अँटिपेटरच्या बाजूचा.

मला डायोजिनीस बराचसा पटतो. जुना माल घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत. पण इथे डोळे उघडे ठेवून दिसणार काय? शिवाय घर आणि बोट यांत फरक आहे. कठड्याचा खांब कुजक्या बाल्सावर उभा असला, तर वादळात त्याच्या आधारानं चालणारा माणूस खांबासकट समुद्रात जायचा. पलंगाखालचा साप निदान पळायला जमीन तरी ठेवतो. आणि बोट बघून गेलेल्या जोडप्याला चार वर्षांची मुलगी होती. डेकवर ती त्याच खांबाला धरून गिरक्या घेत होती.

हे मी भाच्याला सांगितलं नाही. त्यानंही ते पाहिलं होतं.

मग वरचं कातडं करवतीनं कापलं. आतून काळा लगदा निघाला, बादल्याच्या बादल्या. भोकं पाडून इपॉक्सी ओता, असा स्वस्त सल्ला शेजारच्या बोटवाल्यानं दिला होता. पण ओल्या लाकडाला इपॉक्सी नीट धरत नाही. सगळं वाळू दिलं, नवा बाल्सा बसवला, कातडं पुन्हा चिकटवलं. प्रत्येक स्क्रूचं भोक मोठं करून इपॉक्सीनं बुजवलं आणि त्याच्या मधोमध नवं बारीक भोक पाडलं. म्हणजे पाणी आलंच तरी लाकडाला शिवायचं नाही. इतकं कडक सोवळं मी आमच्या आजीनंतर प्रथमच पाहिलं.

आता दुरुस्तीनंतरही सांगायचं का? भाचेसून म्हणाली, “बरी झालेली कावीळ कुणी पत्रिकेत लिहितं का?” तरी भाच्यानं त्या जोडप्याला सगळे फोटो दाखवले, लगद्याच्या बादल्यांसकट.

नवऱ्यानं ते शेवटपर्यंत पाहिले. म्हणाला, “फारच छान. आणि मागच्या डेकचं काय?”

भाचा हातोडी आणायला खाली गेला.