बक्षिसासाठी लिहिलेला निबंध

१७८५ साली केंब्रिज विद्यापीठाच्या लॅटिन निबंधस्पर्धेत कुलगुरू पीटर पेकर्ड यांनी विषय दिला: माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध गुलाम करणं न्याय्य आहे का? पंचवीस वर्षांच्या थॉमस क्लार्कसनला गुलामांच्या व्यापाराची फारशी माहिती नव्हती. आदल्या वर्षी त्याने असंच एक बक्षीस पटकावलं होतं, आता दुसरंही हवं होतं.

मग तो वाचायला बसला. अँथनी बेनेझेट यांचं पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीवरचं पुस्तक त्याच्या हाती आलं, वेस्ट इंडीजमधून परतलेल्या अधिकाऱ्यांशी बोलणं झालं, आणि त्याची झोप उडाली. रात्री सुचलेलं उठून लगेच टिपता यावं म्हणून तो खोलीत मेणबत्ती तेवत ठेवू लागला.

बक्षीस मिळालं. निबंध विद्यापीठात वाचून तो घोड्यावरून लंडनला निघाला, पण वाटेत हर्टफर्डशरमधल्या वेड्समिलजवळ लगाम हातात धरून रस्त्याच्या कडेलाच बसला. आपण लिहिलं ते खरं असेल, तर या यातना कुणीतरी थांबवायलाच हव्यात, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यातला 'तर' फार महत्त्वाचा. स्वतःचाच निबंध खोटा ठरावा असं त्याला मनापासून वाटत होतं. हळहळून पुढे जाणारे त्या काळी पुष्कळ होते. क्लार्कसन मात्र खात्री करून घ्यायला निघाला.

मे १७८७ मध्ये लंडनच्या एका छापखान्यात गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी बारा जणांची समिती स्थापन झाली. त्यांतले नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. समितीसाठी पुरावे गोळा करत क्लार्कसन ब्रिस्टल, लिव्हरपूलच्या गोद्या पालथ्या घालू लागला. लिव्हरपूलच्या एका दुकानात हातकड्या, पायबेड्या आणि अंगठे चिरडण्याचे स्क्रू उघड विकायला होते. शेजारी कात्रीसारखं दिसणारं एक हत्यार होतं. ते कशाला, असं त्याने विचारलं. गुलाम मरायचं ठरवून तोंड घट्ट मिटून घेतात, तेव्हा त्यांचा जबडा उघडायला, असं दुकानदाराने सांगितलं. क्लार्कसनने ते सगळं विकत घेतलं आणि पुरावा म्हणून लोकांपुढे ठेवलं.

हा व्यापार म्हणजे आरमाराला खलाशी पुरवणारी शाळाच, असं व्यापारी छातीठोकपणे सांगत. क्लार्कसनने जहाजांच्या हजेरीपत्रकांवरून मेलेल्या खलाशांचा हिशेब मांडला आणि तो दावा उघडा पाडला. आफ्रिकेत नदीकाठच्या गावांवर धाडी घालून माणसं पकडतात हे सिद्ध करायला त्याला साक्षीदार म्हणून एक खलाशी हवा होता. बंदरामागून बंदर शोधत, शंभराहून अधिक जहाजांवर चढून त्याने तो खलाशी गाठला.

ब्रिटिशांचा हा व्यापार १८०७ मध्ये कायद्याने बंद झाला. वसाहतींमधली गुलामी मोडणारा कायदा यायला १८३३ उजाडलं. त्यात दोन कोटी पौंडांची भरपाई ठरली, तीही मालकांना! राबलेल्यांच्या हाती छदामही आला नाही. कंपनी सरकारचा हिंदुस्थान तर त्या कायद्यातून वगळलाच होता. इथल्यासाठी वेगळा कायदा १८४३ मध्ये झाला.

१८४६ साली क्लार्कसन वारला, तेव्हा अमेरिकेत लाखो माणसं अजून मालमत्ता म्हणून विकली जात होती. ती गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकनांनाच जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं. शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवण्यासाठी आपल्या देशबांधवांनीही त्यांचं उदाहरण पुढे ठेवावं, अशी इच्छा त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत नोंदवली आहे.