कर्जदाराने दान द्यावे काय?

हंगामाच्या उपकारस्तुतीचा दिवस जवळ आला म्हणजे खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. उपदेशक सांगतो की, उत्पन्नाचे प्रथमफळ देवाचे आहे. आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुकानदाराची उधारीची वही उभी राहते. ज्याच्या माथ्यावर कर्ज आहे त्याने आधी कोणास द्यावे? देवास की धनकोस? हा प्रश्न गरिबाच्या विवेकास टोचणारा आहे. म्हणून "विश्वास ठेवा, देव पुरवील" एवढेच सांगून त्याची वाटेला लावणी करणे योग्य नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, देवास जे द्यावयाचे ते आपले असले पाहिजे. बियाणे आणि खत उधार आणून पीक काढले, तर खळ्यावरच्या राशीत त्या दुकानदाराचाही वाटा आहे. फेडीची मुदत येऊन ठेपली असता तो वाटा उचलून दानपेटीत टाकणे म्हणजे परक्याच्या मेंढराचा बळी देणे होय. आईबापांच्या पोषणास लागणारे धन "देवाला वाहिले" असे म्हणून हात झटकणाऱ्यांस प्रभूने किती कडक शब्दांनी दोष दिला, हे मार्काच्या 7 व्या अध्यायात वाचावे. दुकानदार ख्रिस्ती नसेल. पण त्यालाही मुले आहेत, आणि आपल्या धर्माची परीक्षा तो आपल्या स्तोत्रांवरून नव्हे, तर आपल्या देण्यावरून करतो. अलीशा संदेष्ट्याने त्या कर्जबाजारी विधवेस तेल विकून आधी देणे फेडावयास व उरलेल्यावर मुलांसह निर्वाह करावयास सांगितले (2 राजे 4). चमत्काराचे तेल देखील आधी धनकोकडे गेले!

आता व्यवहाराचा हिशेब पाहा. एखाद्याने दरमहा शेकडा 3 व्याजाने 10,000 रुपये काढले, तर महिन्याला 300 आणि वर्षाला 3,600 रुपये व्याज होते, आणि मुद्दल जागच्या जागीच राहते. त्याने 1,000 रुपये कर्जात न भरता लोकलाजेस्तव वर्गणीत दिले, तर त्या हजारावर वर्षाकाठी 360 रुपये त्यास अधिक भरावे लागतात. ते कोठून येतात? बहुधा लेकरांच्या दुधातून आणि वह्यापुस्तकांतून. अशा दानाचा खरा भार देणाऱ्यावर न पडता घरातील अबोलांवर पडतो.

"मग कर्ज फिटेपर्यंत काहीच देऊ नये काय?" असे कोणी विचारील. तसे नव्हे. कित्येकांचे कर्ज एका हंगामात फिटणारे नसते. त्यांस दानाच्या आनंदापासून वर्षानुवर्षे दूर ठेवणे हाही अन्यायच. देवाच्या नियमशास्त्राने या अडचणीचा विचार फार पूर्वी केला आहे. लेवीय 5 मध्ये मेंढरू देण्याची ऐपत नसणाऱ्यास दोन पारवे आणि तेही न जमणाऱ्यास थोडे पीठ आणण्याची मोकळीक दिली आहे, आणि पीठ आणणाऱ्याची क्षमा मेंढरू आणणाऱ्याच्या क्षमेहून उणी नाही. प्रभूच्या आईबापांनीही मंदिरात गरिबाचेच अर्पण नेले (लूक 2). पौल करिंथकरांस हेच शिकवितो की, मनाची उत्सुकता असली म्हणजे मनुष्यापाशी जे आहे त्याच्या मानाने दान मान्य होते, जे नाही त्याच्या मानाने नव्हे.

याचे सुंदर उदाहरण आपल्याच देशात आहे. मिझोराममधील ख्रिस्ती भगिनींनी 1910 साली असा प्रघात पाडला की, स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूस काढावयाचे. त्या मुठीसाठी कोणास कर्ज काढावे लागले नाही. तरी मुठी साठत गेल्या, आणि तेथील मंडळ्यांच्या सेवेचा त्या मोठा आधार झाल्या. आपल्याकडे तांदळाऐवजी ज्वारी किंवा बाजरी असेल, मूठ तीच.

यावरून मंडळीचे पंच व उपदेशक यांच्यावरही एक जबाबदारी येते. कित्येक ठिकाणी उपकारस्तुतीच्या लिलावात चढाओढीने बोली लागते, आणि घरी रॉकेलची चिमणीही जपून पेटविणारा मनुष्य भोपळ्यासाठी उधारीवर शंभराची बोली बोलतो. कित्येक ठिकाणी रकमेसह नावे वाचली जातात, आणि दहा रुपये देणारी विधवा मान खाली घालते. हा उत्साह नव्हे, ही लाजेची वसुली होय. लिलावात उधारी बंद करावी. नावे वाचू नयेत. आणि जमाखर्च मात्र सर्वांस दाखवावा. दानाच्या पैशाविषयी आपणांवर कोणी दोष ठेवू नये म्हणून पौलाने किती जपले, हे 2 करिंथ 8 वरून दिसते. जो पुढारी हिशेब दाखवीत नाही, त्याने कर्जदारास कारभारीपण शिकवू नये.

तात्पर्य, बंधुभगिनींनो, कर्जदाराची कमाई हाती येताच त्याने घरधन्यासह बसून तीन वाटे मांडावे: घरचे अन्न, ठरल्या मुदतीचा हप्ता, आणि मूठभर का होईना, प्रभूचा वाटा. तो वाटा लहान आहे म्हणून लाजू नये, आणि मोठा दिसावा म्हणून हप्ता चुकवू नये. हप्ता फेडून चुकता केल्याची पावती घेणारा हात आणि दानपेटीत मूठ टाकणारा हात एकाच विश्वासू सेवकाचे आहेत, आणि त्यांचा धनी दोन्ही पाहतो.