उचल त्याची, घर कोणाचे?

विभक्त होणाऱ्या पतिपत्नींच्या मिळकतीची वाटणी हा विषय कायद्याच्या ग्रंथांत जितका रुक्ष, तितकाच बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या गावांत तो बिकट आहे. कारण तेथे घराच्या भिंती आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाचे देणे ही दोन्ही एकाच पैशातून, म्हणजे हंगामापूर्वी त्याच्याकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतून, उभी राहिलेली असतात. अंबाजोगाईस आयुष्यभर दिवाणी दावे चालवून निवृत्त झालेले एक वकील आणि बीडच्या न्यायालयात वकिली करणारी त्यांची भाची यांच्यात या पेचावरून जो वाद झाला, तो त्यांच्याच शब्दांत सांगितलेला बरा.

भाची म्हणाली, "मामा, धारूर तालुक्यातले एक जोडपे कल्पा. दरसाल दिवाळी झाली की बिऱ्हाड कारखान्याच्या वाटेला लागते. नवरा ऊस तोडतो. बायको पाचट काढते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. मुकादमाच्या वहीत दोघे मिळून एक कोयता. उचल मात्र नवऱ्याच्या हाती पडते आणि सहीही त्याचीच. अशा आठ-दहा हंगामांच्या उचलीतून सासऱ्याच्या गावठाणातल्या जागेवर दोन खोल्या उठल्या. आता फारकतीची वेळ आली. घर कोणाचे?"

"ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढ," मामा म्हणाले. "तो काही मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे; पण त्यावर तिचे नाव नसेल, तर पुढचा सारा मार्ग चढणीचा आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचे २७ वे कलम विवाहसमयी किंवा त्याच्या आसपास मिळालेल्या, उभयतांच्या समाईक वस्तूंपुरते बोलते. नंतर बांधलेले घर त्यात बसवायचे कसे? स्त्रीधन सर्वस्वी तिचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु तिच्या गळ्यातले सोने पत्र्यांत आणि विटांत गेल्यावर ते शोधायचे कोठे? उरले २५ वे कलम, म्हणजे कायमची पोटगी. हवी तर एकरकमी, आणि जरूर पडल्यास प्रतिवादीच्या स्थावरावर बोजा चढवून."

"म्हणजे कायदा तिला पोसायला तयार आहे, मालकीण म्हणायला नाही!"

"तो प्रयत्नही झाला. पतीच्या स्थावरात पत्नीला वाटा देऊ पाहणारे विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केले. लोकसभेची मुदत संपली आणि ते व्यपगत झाले."

भाचीने मग मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२३ मधील निर्णयाचा दाखला दिला. नवरा आखातात नोकरीला, बायको मागे घर आणि मुले सांभाळणारी. त्या सांभाळण्यामुळेच तो कमावू शकला, सबब मिळकतीत तिचाही समान वाटा, असे तेथे ठरले. "इथे तर ती फडात त्याच्या बरोबरीने राबते आणि कोपीवर परतल्यावर चूलही पेटवते," ती म्हणाली.

"मान्य," मामा म्हणाले. "तिचे श्रम त्या भिंतींत आहेत, म्हणून निम्मे घर तिचे. पण हंगाम अर्धा टाकून जोडपे मोडले आणि अंगावर उचल राहिली, तर तीही एका कोयत्यावरच घेतलेली ना? घर निम्मे मागणाऱ्या तुझ्या अशिलाने देणेही निम्मे का घेऊ नये?"

हा प्रश्न कायदेपंडितापेक्षा सावकाराच्या तोंडी अधिक शोभला असता. पण तो टाळता येण्याजोगा नव्हता. जितकी उचल घरात गेली तितके देणे घरावर, बाकीचे नवऱ्यावर, अशी तोड भाचीने सुचवली. मामांनी विचारले, कोणती रक्कम विटांत गेली आणि कोणती दवाखान्यात वा दारूत, हे सिद्ध कोण करणार? मुकादमाची वही?

मग त्यांनीच गोव्याकडे बोट दाखविले. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेल्या तेथील रिवाजात, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर दोघांची मिळकत एक होते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा ठरतो. आणि दुसऱ्याच्या संमतीवाचून कोणालाही स्थावर विकता येत नाही.

"मला नेमके तेच म्हणायचे आहे," भाची म्हणाली. "वाटा शेवटी हाती येतो, पण संमती संसार चालू असतानाच लागते. उचल घेताना तिला कोणी विचारले? सही नको, मनगट मात्र हवे. न विचारता अंगावर घातलेले देणे तिचे कसे?"

"आणि त्याला तरी कोणी विचारले? उचल घेऊ की नको, हे ठरविण्याइतका दाणा त्याच्या घरात कधी होता? तुझा न्याय मुकादमाला सोडून नवऱ्याला धरतो आहे."

यावर भाचीपाशी तयार उत्तर नव्हते, आणि माझ्या मते ते असणे शक्यही नाही. घरकुल मंजूर होताना पत्नीचे नाव लावतात, गावठाणातील घराला उभयतांचे नाव लावण्याविषयी शासनाचे २००३ चे परिपत्रक आहे. पण मुकादमाच्या वहीला कोणतेच परिपत्रक पोहोचत नाही.

"बरे, निम्मे घर तिला मिळाले असे धर," मामा पुढे म्हणाले. "वस्तीवरची एक खोली विकत कोण घेणार? आणि घटस्फोटित नवऱ्याच्या भिंतीला भिंत लावून ती राहणार आहे का? किंमत त्यानेच द्यावी लागेल. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. त्याला उचलही त्याच मानाने. पुरी हवी तर दुसरे लग्न करावे लागेल."

"म्हणजे पहिलीचा वाटा दुसरीने मोळ्या वाहून फेडायचा."

"फेडील. तोवर रक्कम दोन हंगामांच्या हप्त्यांत माग आणि घरावर बोजा चढवून घे."

"बोजा प्रतिवादीच्या मिळकतीवर चढतो, मामा. जागा सासऱ्याची आहे."

"मग सासऱ्यालाही पक्षकार कर," मामा म्हणाले, आणि दाव्याचा मसुदा नव्याने सांगू लागले.